विहिरीतील मोटर आणि गाडीतील मोटर

(कोल्हापूर येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



विजेवर चालणाऱ्या गाड्यांची आता आपल्याकडे नवलाई उरलेली नाही. राज्य शासनाने २०१८, २०२१ आणि २०२५ अशी तीन वेळा या वाहनांसाठी धोरणे जाहीर केली. या गाड्यांच्या बॅटरीविषयी पुष्कळ बोलले जाते. मला आज बोलावयाचे आहे ते त्यांच्या पोटात दडलेल्या एका लहान यंत्राविषयी, म्हणजे वातानुकूलनाच्या कॉम्प्रेसरविषयी. कोल्हापूरच्या ओतकामापुढे आज जो प्रश्न उभा आहे, तो या यंत्रात हातात धरून पाहता येतो.

प्रथम आपल्या शेतीपंपाचा प्रवास आठवावा. एके काळी नदीकाठी ऑइल इंजिन धडधडत असे आणि पट्ट्याने पंप फिरवीत असे. ती इंजिने आपल्या उद्यमनगरातही घडत. पुढे गावोगाव वीज पोहोचली आणि मोनोब्लॉक पंप आला. त्यात मोटर आणि पंप एकाच दांड्यावर बसले, पट्टा गेला. त्यानंतर सबमर्सिबल पंपाने तर मोटरच पाण्यात उतरविली. जे पाणी उपसावयाचे, तेच मोटरला थंड ठेवू लागले.

गाडीतील कॉम्प्रेसरने हीच वाट धरली आहे. पेट्रोलच्या गाडीत तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. विजेच्या गाडीत इंजिनच नाही. म्हणून त्याला स्वतःची मोटर द्यावी लागली, आणि ती त्याच्या कवचाच्या आतच बसविण्यात आली. २००३ साली जपानच्या टोयोटा प्रियस या गाडीत विजेवरचा असा कॉम्प्रेसर आला. घरातील शीतकपाटात तर बंद कवचातील मोटर कित्येक दशके फिरत आहे. आपल्या शेजारी कराडलाही १९९० नंतरच्या दशकात किर्लोस्कर कोपलँडच्या कारखान्यात बंद कवचाचे कॉम्प्रेसर तयार होऊ लागले.

मोटर आतच का? बाहेरून फिरणारा दांडा आत न्यावयाचा, तर तेथे सील लागते, आणि फिरत्या दांड्याभोवतीचे सील केव्हा ना केव्हा झिजते. गाड्यांत दीर्घकाळ वापरला गेलेला आर-१३४ए हा वायू गळून हवेत गेला, तर वातावरण तापविण्याची त्याची शक्ती कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे. मोटर आत असली की कवचातून फिरता दांडा बाहेर येत नाही, विजेची टोके तेवढी येतात. शिवाय परतणारा थंड वायू मोटरवरून जातो आणि तिची उष्णता घेऊन जातो. हे यंत्र केवळ प्रवाशांच्या सुखासाठी आहे असेही समजू नये. अनेक गाड्यांत तेच बॅटरीलाही थंड ठेवते.

आता ही मोटर कवचात बसवितात कशी, ते पाहू. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवितो, ते आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवावयाची, तापवून लाल करावयाची, फुगली की चढवावयाची आणि वर पाणी ओतावयाचे. खिळा न मारता ती लाकडाला आवळून बसते. येथेही तेच. अ‍ॅल्युमिनियमचे कवच तापवितात, पोलादी पत्र्यांच्या चकत्यांचा स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा भाग, आत सोडतात, आणि निवताना कवच त्याला आवळून धरते.

मात्र लोहाराला जी अडचण नव्हती, ती येथे आहे. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. शंभर मिलिमीटर व्यासाच्या भागात तापमान १०० अंशांनी वाढले, तर कवच सुमारे ०.२३ मिलिमीटर फुगते आणि स्टेटर सुमारे ०.१२. म्हणजे आवळ ०.११ मिलिमीटरने सैल होतो. मुळात तेवढाच आवळ ठेवला असेल, तर भर उन्हात मोटर कवचातच सरकेल. फार ठेवला, तर थंडीत कवचावर ताण येईल आणि दाबलेल्या पत्र्यांत विजेचा अपव्यय वाढेल. शाळेत गोळा व कडे यांचा प्रयोग दाखविणाऱ्या शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे. पाठ्यपुस्तकातील प्रसरणांक एरवी मुलांना निर्जीव वाटतो.

या शतांश मिलिमीटरांशी आपल्या पोटाचा संबंध आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या वसाहतींतील ओतकाम मुख्यतः बिडाचे आहे. इंजिनाचे ठोकळे, फ्लायव्हील ही त्यांची नेहमीची कामे. विजेच्या गाडीला यांतले काहीच लागत नाही. ट्रॅक्टर व मालमोटारी अजून बरीच वर्षे इंजिनावर धावतील, हे खरे. पण त्या भरवशावर नवा कामगार तयार करणे मला धोक्याचे वाटते. कॉम्प्रेसरचे कवच बहुधा पोलादी साच्यात मोठ्या दाबाने अ‍ॅल्युमिनियम भरून करतात. वाळूच्या साच्याचे कसब तेथे जसेच्या तसे चालत नाही. ओतीवात सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले, तरी वायू गळतो. म्हणून साचा घडविणे, आतला व्यास अचूक कातणे, गळती तपासणे, हे शिक्षण आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत पक्के मिळाले पाहिजे. चार्जिंग केंद्राच्या उद्घाटनाला फीत कापता येते, मोजमापाच्या खोलीला कोणी हार घालीत नाही. पण ओतकामाची नवी मागणी त्या खोलीत ठरेल.

गॅरेजवाल्यांविषयी एक सूचना. पट्ट्यावरच्या कॉम्प्रेसरला चालणारे पीएजी जातीचे तेल या कॉम्प्रेसरमध्ये सहसा चालत नाही. येथे मोटरची तांब्याची गुंडाळी त्या तेलातच भिजत असते, आणि पीएजी तेलातून वीज झिरपू शकते. म्हणून बहुतेक ठिकाणी पीओई तेल वापरतात. कोणते, ते कंपनीच्या पुस्तिकेत पाहूनच भरावे. थोडे चुकीचे तेल मिसळले तरी विद्युतरोध घटतो, आणि गाडीची सुरक्षा यंत्रणा मुख्य वीज तोडू शकते. या कॉम्प्रेसरकडे जाणारी नारिंगी तार शेकडो व्होल्टची असते. मुख्य जोड काढल्यावरही आतील कपॅसिटर निवळण्यास काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ थांबून, मीटर लावून वीज उरली नसल्याची खात्री केल्याशिवाय प्रशिक्षित माणसानेही तेथे हात घालू नये. ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील गॅरेजच्या भिंतीवर एवढे तरी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे.