दारचे कुत्रे आणि घरची मुले
(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी केळापूर येथे केलेले भाषण)



जनावरांच्या डॉक्टरणीला महिला मंडळात कशाला बोलावले, असे काही जणींच्या मनात आले असेल. पण विषय तुमच्या अंगणातलाच आहे. २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत, अंगणवाडीत मुलांना जंताची गोळी देतात. आपण ती आठवणीने देववतो. त्याच अंगणात लोळणाऱ्या कुत्र्याला कोणी कधी औषध दिले आहे काय?

कुत्रीच्या अंगातले जंत पिल्लांना तिच्या पोटात असतानाच लागतात. हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे, असे पिल्लू आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच्या विष्ठेतून अंडी मातीत पडतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. मूल मातीचे हात तसेच तोंडात घालते. मग अळी यकृतात जाते, क्वचित डोळ्यातही, आणि त्या डोळ्याची दृष्टी जाऊ शकते. म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचे झाले की दर पंधरवड्याला औषध, दूध तुटल्यावर सहा महिन्यांचे होईतो दरमहा, पुढे दर तीन महिन्यांनी. पिल्लांच्या आईलाही द्यावे.

आता बोकडाविषयी, कारण ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. नवसाला, लग्नाला बोकड कापला की कधी कधी कलेजीवर किंवा फुप्फुसावर पाण्याने भरलेली पांढरट गाठ दिसते. आपण तेवढा भाग कापून कुत्र्याला टाकतो. वाया जाऊ नये, हा आपला बायकांचा स्वभावच! पण त्या गाठीत एका बारीक पट्टकृमीची असंख्य पिल्ले असतात. कुत्र्याच्या आतड्यात ती वाढतात. कृमी तांदळाच्या दाण्याहून मोठा नाही, कुत्रे ठणठणीत दिसते, आणि त्याची अंडी विष्ठेतून अंगणात येतात, केसांनाही चिकटतात. ती मुलाच्या पोटात गेली तर तशीच गाठ मुलाच्या यकृतात किंवा फुप्फुसात होते. वर्षे लोटतात तोवर काही कळत नाही. पुढे पुष्कळदा शस्त्रक्रियाच करावी लागते. तेव्हा असा भाग जाळा, नाही तर कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरा. कुत्र्याला मांस घालायचेच तर पाऊण तास उकळून घाला. या कृमीवर प्राझिक्वांटेल लागते. साध्या जंताच्या औषधाने तो जात नाही.

गोचिडांविषयी थोडेच सांगते. अंगावरचे वेचून काम भागत नाही, कारण मादी खाली उतरून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. फटी लिंपून घ्या. गोचीड नखाने चिरडू नका आणि रॉकेल तर मुळीच चोळू नका, कातडी भाजते.

औषध वजनावर ठरते. म्हणून पांढरकवड्याच्या दवाखान्यात येताना नुसते कुत्र्याचे वय सांगायला मुलाला धाडू नका, कुत्रेच घेऊन या.