ओझरच्या पाण्याचें अंदाजपत्रक

नाशिकजवळील ओझर हें नांव शहरांतील बहुतेकांस विमानांच्या कारखान्यामुळें ठाऊक असतें. परंतु लहानसा धंदा काढूं पाहणाऱ्यानें तेथील शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांचा व्यवहार समजून घ्यावा. येणाऱ्या वर्षाचा जमाखर्च आधीं कसा मांडावा, याचा उत्तम धडा त्यांत आहे.

दिंडोरी तालुक्यांत कोळवण नदीवर वाघाडचें धरण आहे आणि ओझरचें शिवार त्याच्या कालव्याच्या शेवटास येतें. लाभक्षेत्राच्या नकाशावर शेतें होतीं, पण पाणी वाटेंतच संपे. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांनीं शेतकऱ्यांस एकत्र आणलें आणि १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा या तीन संस्था उभ्या राहिल्या. सरकारकडून पाणी मोजून घाऊक घ्यावयाचें, तें सभासदांस वांटावयाचें आणि त्यांच्याकडून पट्टी वसूल करावयाची, असा हा व्यवहार. पाणी मागणारा शेतकरी त्या दिवसापासून पाण्याचा व्यापारी झाला. दारावर मोजलेल्या पाण्याचें देणें संस्थेच्या नांवें पडतें. सभासदांनीं पट्टी थकविली तरी तें चुकत नाहीं. येथें अंदाज चुकला तर पैशाबरोबर मोठ्या कष्टानें मिळालेलें पाणीही जाण्याचें भय असतें.

म्हणून अशा संस्थेचें अंदाजपत्रक इच्छेपासून नव्हे, धरणांतील सांठ्यापासून सुरू होतें. पावसाळा सरल्यावर सांठा किती, त्यांतून वांट्यास किती, हें आधीं पाहावयाचें. पिकें मागाहून ठरवावयाचीं.

समजण्याच्या सोयीसाठीं कांहीं कल्पित आंकडे घेऊं. एका संस्थेस वर्षाला १० लक्ष घनमीटर पाणी मिळतें. चौथा हिस्सा चाऱ्यांत मुरतो; शेतांत पोंचतें साडेसात लक्ष. एक हेक्टर एकदां भिजविण्यास ७५० घनमीटर लागतात असें धरल्यास १,००० हेक्टर-पाळ्या होतात. सरकारचें देणें १ लक्ष रुपये, पाटकऱ्यांचे पगार ५० हजार, चाऱ्यांची दुरुस्ती ३० हजार आणि गंगाजळी २० हजार. एकूण २ लक्ष. म्हणजे दर पाळीस २०० रुपये आकारावे लागतील.

आतां धरण अर्धेंच भरलें अशी कल्पना करा. पाणी निम्में, पाळ्या ५००, सरकारचें देणें ५० हजार. पण पाटकऱ्याचा पगार निम्मा होत नाहीं, चारीतील गाळही निम्मा होत नाहीं. एकूण खर्च दीड लक्षावर थांबतो आणि पाळीचा दर ३०० रुपयांवर जातो. विक्रीबरोबर घटणारा खर्च आणि विक्री असो वा नसो उभा राहणारा खर्च, हे दोन निराळे आहेत. नव्या धंद्यांचे बहुतेक अंदाज फसतात ते हा भेद न केल्यामुळें.

तिसरी शक्यता याहून फसवी. धरण पूर्ण भरलें, १,००० पाळ्या दिल्या, परंतु पट्टी वेळेवर आली ती ८०० पाळ्यांचीच. वहींत उत्पन्न २ लक्ष, पेटींत १ लक्ष ६० हजार. धंदा कागदावर तोट्यांत नसूनही ४० हजारांसाठीं अडतो. त्यांतच द्राक्षांचा पैसा हाती येतो तो माल उतरल्यावर, आणि पाटकऱ्यास पगार लागतो दरमहा. म्हणून वर्षाच्या बेरजेबरोबर महिन्यामहिन्याचें कोष्टक हवें, आणि पट्टीचा कांहीं भाग आगाऊ घेण्याचा नियम हवा.

याच आंकड्यांतून एक दिलाशाची गोष्टही निघते. चाऱ्या नीट राखून साडेसात लक्षाऐवजीं सव्वाआठ लक्ष घनमीटर पाणी शेतांत पोंचविलें, तर सरकारचें देणें तेंच राहून पाळ्या १,१०० होतात आणि दर सुमारें १८२ रुपयांवर येतो. दुरुस्तीवरील खर्च केव्हां परवडतो आणि किती परवडतो, हें असें आधींच कळतें.

ओझरची वाट पुढें रुंदावली. वाघाडच्या संपूर्ण लाभक्षेत्राचें व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आलें आणि २००५ मध्यें महाराष्ट्रांत शेतकऱ्यांच्या सिंचन-व्यवस्थापनाचा कायदाही झाला.

छापखाना असो, शिवणवर्ग असो वा घरगुती फराळाचें दुकान, रीत हीच. भरल्या धरणाचें, अर्ध्या धरणाचें आणि थकलेल्या वसुलीचें, अशीं तीन पत्रकें मांडावींत. पहिलें उमेद देतें, परंतु भांडवल किती राखावें हें शेवटचीं दोन सांगतात. पाऊस कोणाच्याही हातीं नाहीं. तो कमी पडल्यास काय करावयाचें, हें मात्र पाऊस पडण्यापूर्वीं ठरवितां येतें.