शिकवलंत, आता पाठीशी उभं राहा

(अंतरवाली सराटी, ता. अंबड, जि. जालना येथे आशा, अंगणवाडी ताई आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत एका आशा कार्यकर्तीने केलेलं भाषण.)



आज आपण ज्या गावात बसलो आहोत, त्याचं नाव २०२३ च्या ऑगस्टपर्यंत जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. २९ ऑगस्टला इथं मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि अंतरवाली सराटी घराघरात पोचलं. उपोषणाला बसलेल्या माणसाची तब्येत कशी आहे, हे तेव्हा सारा महाराष्ट्र विचारत होता. त्या मागणीवर बोलायला मी इथं उभी नाही. मला एवढंच म्हणायचंय की, याच तालुक्यात रोज कुठल्या तरी घरात, अंधाऱ्या खोलीत, सात दिवसांचं लेकरू असतं. त्याच्या छातीकडे बघत, हातात घड्याळ धरून एक बाई श्वास मोजत बसलेली असते. तिला कुणी विचारत नाही. ती बाई म्हणजे तुम्ही आणि मी.

मी २००९ साली आशा झाले. शिक्षण नववी. त्या आधी शेतात मजुरीला जात होते. भाषण करायची सवय नाही, म्हणून माझ्यावर जे गुदरलं तेच आधी सांगते.

हिवाळ्याचे दिवस होते. माझ्या वस्तीत एक बाळ कमी वजनाचं जन्मलं होतं. सातव्या दिवशी मी गेले. मिनिटभर श्वास मोजले, अठ्ठावन्न भरले. साठ किंवा जास्त असले तर धोका, असं आम्हाला शिकवलेलं. पुस्तकात असंही होतं की शंका वाटली तर परत मोजायचे. मी परत मोजले नाहीत. बाळ रडत होतं, सासू म्हणत होती, "किती वेळ उघडं ठेवती लेकराला?" माझा थर्मामीटर तीन महिन्यांपासून बंद होता, दुसरा मागितला होता, मिळाला नव्हता. अंगाला हात लावून पाहिला, थोडं गार लागलं. आईला म्हटलं, छातीशी धर, पाजत राहा, उद्या सकाळी येते. सकाळी गेले तेव्हा दारात बाया जमल्या होत्या.

मग काय झालं? एक फॉर्म आला. बाळाचं नाव, वजन, भेटीच्या तारखा, मृत्यूचं कारण. मी भरला. बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं गेलं, "तुझ्याकडं बालमृत्यू कसा झाला?" जणू मी तो घरी करून आणला होता. पण एकाही माणसानं मला जवळ बसवून विचारलं नाही की, ताई, तू काय पाहिलंस, काय वाटलं तुला, पुढच्या वेळी काय करशील? मी चुकले का? थर्मामीटर असता तर वाचलं असतं का? आज इतकी वर्षं झाली, हे मला कुणी सांगितलेलं नाही. ते मी एकटीच वागवते आहे.

मैत्रिणींनो, माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. आपल्याला प्रशिक्षण मिळालं नाही, असं मी म्हणत नाही. पहिल्या पाच पुस्तकांचं २३ दिवसांचं मिळालं. मग सहावं आणि सातवं पुस्तक, चार फेऱ्यांत मिळून २० दिवस. त्यातून मला वजन करता आलं, श्वास मोजता आला, बाळ कसं गुंडाळायचं ते कळलं. त्या प्रशिक्षणाबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण शिकवणं संपलं की आपल्याला गावात सोडून दिलं जातं. नंतर जी दर महिन्याची बैठक होते ती हिशेबाची असते. किती बाळंतपणं, किती लसी, किती नोंदी, कुठला रकाना रिकामा. शिकण्यासाठी जमणं आणि हिशेब देण्यासाठी जमणं यांत फरक आहे.

हा फरक ओळखणारी माणसं आपल्याच महाराष्ट्रात होती. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. तेव्हाचा अहमदनगर, आजचा अहिल्यानगर जिल्हा. आपल्यापासून फार लांब नाही. त्यांनी गावागावांतून बायका निवडल्या. कितीतरी जणी निरक्षर, कितीतरी दलित. या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, सगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायच्या. आठवडाभरात गावात जे पाहिलं ते एकमेकींना सांगायच्या. कुणाचं बाळ गेलं, कुणाचा ताप उतरला, कोण नवऱ्याचा मार खाऊन आली. त्यातून शिकणं व्हायचं. ते एका शिबिरात उरकलं नाही, वर्षानुवर्षं चाललं. त्या बायकांना मोठा पगार नव्हता हे खरं आहे, आणि मान दिला की पैसे द्यायला नकोत असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण दर आठवड्याला आपलं ऐकून घेणारं कुणी आहे, या भरवशावर त्या उभ्या राहिल्या.

दुसरी जागा गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. आजारी बाळातला जंतुसंसर्ग ओळखायला आणि त्यावर इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. तिसऱ्या वर्षी त्या गावांत नवजात बालमृत्यू, हे काम नसलेल्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या जगातल्या मोठ्या नियतकालिकात ते छापून आलं. आज आपण बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातो, त्या भेटी या कामातून आल्या. २०११ पासून त्या देशभर सुरू झाल्या.

पण काय आलं आणि काय मागे राहिलं? पुस्तकं आली, भेटींचा तक्ता आला, एका बाळामागे २५० रुपये आले. आपल्या हाती सुई दिली नाही. त्यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, तो वाद मी बाजूला ठेवते. पण गडचिरोलीत दर पंधरा दिवसांनी जाणतं माणूस गावात यायचं, नोंदी पाहायचं, चुकलं ते दुरुस्त करायचं, पुन्हा शिकवायचं. ते आपल्यापर्यंत पोचलं नाही. आपल्याकडे साधारण वीसेक आशांमागे एक गटप्रवर्तक ताई असते. ती पदवीधर असते, आपल्यासारखीच कायम नोकरीत नसते आणि तिचा दिवस आपल्या नोंदी गोळा करण्यात जातो. तिला मी दोष देत नाही. तिलाही कुणी शिकवत नाही.

आता दुसरी बाजू बघा. आपल्याला शिकवलं त्यात गरोदर बाई आणि बाळ होतं. बाकीची बाई कुठे आहे? डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि १९८९ मध्ये जाहीर केलं की, शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग आहेत. त्या आधी तपासणी झालेल्या फक्त आठ. त्याच बायका आजही आपल्याकडे येतात. "ताई, अंगावरून पांढरं जातं", "पाळी थांबतच नाही". याचं प्रशिक्षण आपल्याला मिळालं ते घाईघाईत, आठवणीत न राहणारं. आपण काय सांगतो? "डॉक्टरला दाखव." आणि ती कुठल्या डॉक्टरकडे जाते? आपल्या भागातून कोयते ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, खाडा झाला तर पैसे कापतात, म्हणून बाईला दुखणं परवडत नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पिशवी काढायच्या आधी यातल्या किती जणी कुणा आशाला विचारायला आल्या असतील? आणि आल्या असत्या तर "थांब, आधी औषध घेऊन बघ, दुसऱ्या डॉक्टरला विचार" एवढं ठामपणे सांगण्याइतकं आपल्याला शिकवलं होतं का? हा प्रश्न बाईच्या शरीरावरच्या हक्काचा आहे आणि तो आपल्या प्रशिक्षणापाशी येऊन थांबतो.

आता पाठीशी उभं राहण्याबद्दल. रात्री दोन वाजता आपण बाळंतिणीबरोबर जीपमध्ये बसतो. दवाखान्याच्या दारात म्हणतात, "तू कोण? बाहेर बस." रस्त्यात कुणी वेडंवाकडं बोललं तर सांगायचं कुणाला? राजस्थानातली भंवरीदेवी आठवा. ती सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातली 'साथिन' होती, आपल्यासारखीच मानधनावर. बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम सरकारचं, पण कामावर असताना तिला वाचवण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. त्यातून महिला संघटना न्यायालयात गेल्या, १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे २०१३ चा कायदा झाला. त्या कायद्यात मानधनावर किंवा स्वेच्छेनं काम करणारी बाईसुद्धा येते. कामासाठी ती जिथं जाते ती जागासुद्धा येते. म्हणजे एका गावकरणीनं सोसलेल्या अत्याचारातून जो कायदा आला, तो आपलाच आहे. तक्रारीसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. आज इथं बसलेल्यांपैकी कुणाला तिचा पत्ता सांगितलाय प्रशिक्षणात? हात वर करा. बघा.

शेवटी पैशाचं. प्रशिक्षणाच्या गोष्टीत पैसा कशाला, असं काही जण म्हणतात. १९७७ साली सरकारनं गावोगाव आरोग्यरक्षक नेमले. तीन महिने शिकवलं आणि महिन्याला ५० रुपये मानधन दिलं. ती योजना टिकली नाही. आपल्याला कामागणिक मोबदला मिळतो. त्यामुळे ज्या कामाला दर आहे ते मोजलं जातं. मारहाण झालेल्या बाईजवळ तासभर बसलं तर त्याला दर नाही, बाळाचे श्वास दुसऱ्यांदा मोजले तर त्याला दर नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये सगळ्या देशांना सांगितलं की गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्तीला कामाच्या मानानं मोबदला द्या, तो फक्त कामागणिक ठेवू नका, लेखी करार करा, पुढे जायची वाट ठेवा. आपल्या देशातल्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेनं २०१३ मध्येच म्हटलं होतं की योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार माना. २०२२ मध्ये त्याच जागतिक संघटनेनं देशातल्या दहा लाख आशांचा पुरस्कार देऊन गौरव केला. राज्यात २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आणि २०२४ च्या जानेवारीत आपण संप केला, आझाद मैदानात बसलो, तेव्हा कुठं मार्चमध्ये दरमहा ५,००० रुपयांच्या वाढीचा आदेश निघाला. पुरस्कार न मागता मिळाला, वाढीसाठी मात्र रस्त्यावर बसावं लागलं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. महिन्यातला एक दिवस फक्त शिकण्याचा ठेवा, त्या दिवशी एकही रजिस्टर उघडायचं नाही, आणि त्या दिवसाची मजुरी द्या. रात्री-बेरात्री विचारायला डॉक्टरचा एक फोन द्या, जो उचलला जाईल. आपण चिठ्ठी देऊन पेशंट पाठवला तर त्याचं काय झालं हे उलट चिठ्ठीनं कळवा. बाळ किंवा बाळंतीण दगावली तर आठवडाभरात आपल्याबरोबर बसा. त्यात दोष देणं नको, काय झालं ते समजून घेणं हवं. बाईच्या सगळ्या दुखण्यांचं शिक्षण द्या. शिकलेल्या आशेला पुढे नर्स होण्याची वाट मोकळी करा. आणि आम्हाला कामगार म्हणा.

महिला मंडळांच्या मैत्रिणींना एक विनंती. सरकार करेल तेव्हा करेल. तोवर महिन्यातून एकदा पाच-सहा गावांच्या आशांना तुमच्या ओट्यावर बसवा. ओळखीची एखादी जाणती नर्सबाई बोलवा. आणि पहिला प्रश्न एवढाच विचारा : ताई, या महिन्यात तुला कशाची भीती वाटली?

मला त्या हिवाळ्यात हे कुणी विचारलं असतं, तर पुढच्या घरी मी कमी घाबरत गेले असते. आता मी प्रत्येक बाळाचे श्वास दोनदा मोजते. हे मला कुठल्या प्रशिक्षणानं शिकवलं नाही, एका मेलेल्या लेकरानं शिकवलं. शिकण्याची ही किंमत कुणाही बाईला, कुणाही लेकराला पुन्हा मोजावी लागू नये.

जिंदाबाद!