गावचं कोठार



कन्फ्यूशियस म्हटला की आईबापांची सेवा, वडीलधाऱ्यांचा मान, एवढंच आपल्या कानांवर येतं. इ. स. पूर्व ५५१ ते ४७९ या काळात होऊन गेलेल्या या चिनी आचार्याची शिकवण तेवढ्यावर संपत नाही. प्रजेच्या पोटाची चिंता हे राज्यकर्त्याचं कर्तव्य आहे, असं तो आणि त्याच्या परंपरेतला मेन्सियस, दोघेही बजावीत आले. पण नुसत्या उपदेशानं चूल पेटते का?

चू शी (११३० ते १२००) हा त्याच परंपरेतला थोर पंडित. फूज्येन प्रांतात वूफू गावी तो राहत असे. ११६८ साली त्या भागात धान्याची टंचाई पडली. सरकारी कोठारं होती, पण ती शहरात. खेड्यातल्या उपाशी माणसाला त्यांचा काय उपयोग? चू शीनं सरकारकडून ६०० मापं धान्य आणवलं आणि ते गरजूंना उसनं दिलं. सुगी येताच लोकांनी ते फेडलं. मग ते धान्य शहरात परत न धाडता गावातच ठेवायचं ठरलं, आणि ११७१ साली कोठार उभं राहिलं.

नियम साधे होते. जुनं धान्य सरलं, नवं हाती आलं नाही, अशा दिवसांत कर्ज द्यायचं आणि सुगीनंतर शेकडा २० वाढीनं परत घ्यायचं. पीक बेताचं आलं तर वाढ निम्मी; दुष्काळ पडला तर माफ. चौदा वर्षांत सरकारची ६०० मापं फिटली आणि ३,१०० मापं शिलकीत राहिली. तेव्हा वाढच बंद केली. नासधुशीपोटी शेकडा ३ तेवढे घेऊ लागले. ११८१ साली बादशहानं ही पद्धत इतरत्र चालवायला मान्यता दिली.

वांग आन-शी या प्रधानानंही शंभर वर्षांपूर्वी शेतकऱ्यांना कर्ज दिलं होतं. पण ते रोख पैशात, तालुक्याच्या कचेरीतून, अंमलदारांच्या हातून. चू शीचं कोठार गावात, धान्याचं, आणि गावच्या जाणत्या माणसांच्या देखरेखीखालचं. पुढं जिथं कारभारी लोभी निघाले, तिथं मात्र हेच कोठार लोकांना कराइतकं जाचक झालं, हेही विसरून चालणार नाही.

शिक्षकबंधूंनो, मुलांना कन्फ्यूशियस सांगाल तेव्हा १०० मापांचं कर्ज फळ्यावर मांडा. चांगल्या सालाचे १२०, बेताच्या सालाचे ११०, दुष्काळाचे १००. त्या आकड्यांतून त्याची शिकवण मुलांना नीट उमजेल.