क्रौर्याची प्रसिद्धी आणि आपली लेखणी



संपादक व लेखकांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान आपण मला दिलात, त्याचे ऋण मनात ठेवून, परंतु आभाराच्या उपचारात आपला वेळ न दवडता, मी एका अप्रिय विषयाकडे वळते. समाजमाध्यमांच्या आश्रयाने पोसलेला स्त्रीद्वेष आता शिवीगाळीपुरता उरलेला नाही. तो माणसे मारू लागला आहे.

२३ एप्रिल २०१८ रोजी कॅनडातील टोरोंटो शहरात एका तरुणाने भाड्याने घेतलेली व्हॅन यंग स्ट्रीटच्या पदपथावरून भरधाव नेली आणि अकरा माणसांचे प्राण घेतले. त्यांत नऊ स्त्रिया होत्या. त्याआधी काही वेळ त्याने फेसबुकवर मजकूर लिहून ठेवला होता. स्त्रियांनी आपल्याला नाकारले म्हणून समस्त स्त्रीजातीवर सूड उगवू पाहणाऱ्या ‘इन्सेल’ पुरुषांच्या बंडाचा पुकारा त्यात होता, आणि २०१४ साली कॅलिफोर्नियातील इस्ला व्हिस्टा येथे सहा जणांची हत्या करणाऱ्या तरुणाचा जयजयकारही होता. एकाकी स्त्रीपुरुषांनी परस्परांना धीर द्यावा, एवढ्याच हेतूने कॅनडातीलच एका विद्यार्थिनीने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात महाजालावर ज्या उपक्रमाचा आरंभ केला, त्याचे नाव तेवढे या मंडळींनी उचलले आणि त्यातली करुणा टाकून दिली, हे मला फार विषण्ण करते.

हे वैर आपोआप फोफावले नाही. माणसाची नजर पडद्यावर जितकी खिळेल तितके कंपनीचे उत्पन्न, असा जेथे हिशेब, तेथे विवेकापेक्षा संतापाला अधिक भाव येणारच. फेसबुकने २०१७ पासून इतर भावखुणांप्रमाणे संतापाच्या खुणेलाही साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले होते, हे २०२१ मध्ये उघडकीस आलेल्या तिच्याच अंतर्गत दस्तऐवजांत नमूद आहे.

आपला देशही यापासून अलिप्त नाही. १ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ नावाच्या ॲपवर मुसलमान स्त्रियांची छायाचित्रे लिलावाला मांडली गेली, त्यांत पत्रकार भगिनीही होत्या. मुंबई पोलिसांनी प्रथम ज्यांना अटक केली ती अठरा-एकवीस वर्षांची मुले होती, आणि त्यांत एक मुलगीही होती. वर्तमानपत्रांचा पूर्वेतिहासही निष्कलंक नाही. विधवांवर वृत्तपत्रांतून चाललेल्या निर्भर्त्सनेने व्यथित होऊनच ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. परंतु त्या मजकुराला संपादक होता, छापखाना होता, जाब विचारायला एक दार होते. आज फिर्याद कोणाच्या दारी न्यावी?

या प्रश्नाचे थोडेसे उत्तर मला टोरोंटोच्या त्या हत्याकांडाच्या खटल्यात सापडते. त्याचा निवाडा न्यायमूर्ती ॲन मोलॉय यांनी मार्च २०२१ मध्ये दिला. कुप्रसिद्धीची लालसा हाच आरोपीचा प्रमुख हेतू होता आणि त्या लालसेपोटीच त्याने इन्सेल चळवळीचा आधार घेतला, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि निकालपत्रात त्याचे नाव न घालता ‘जॉन डो’ असा निनावी उल्लेख केला. द्वेष ही केवळ श्रद्धा नसते, तो कीर्तीची शिडी म्हणूनही वापरला जातो, हे ज्या न्यायाधीशांनी ओळखले, त्यांनी त्या शिडीची एक पायरी तरी आपल्या हाताने काढून घेतली. ती काढणे आपल्याही अखत्यारीत आहे.

म्हणून अशा हत्यांच्या वार्तांत मारेकऱ्याचे छायाचित्र व त्याचे जाहीरनामे आपल्या नियतकालिकांनी छापू नयेत, आणि धमक्या येणाऱ्या लेखिकांच्या फिर्यादीचा खर्च परिषदेच्या निधीतून व्हावा, अशा आशयाच्या ठरावाचा मसुदा मी कार्यवाहांकडे दिला आहे. उद्या सकाळच्या बैठकीत त्यावर चर्चा व्हावी. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो अवश्य मांडावा.