यादी दोघांनी लिहावी

(राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजच्या बौद्धिक सत्रासाठी 'विवाहाचे नियोजन' हा विषय फलकावर वाचून आपणांपैकी काही जण एकमेकांकडे पाहून हसले, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. या वयात ते स्वाभाविकच आहे. परंतु 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपले वाडवडील म्हणत आले, ते अनुभवाने पोळल्यावरच. या म्हणीत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली आहे. लग्न 'करणारे' ते वडीलधारे. ज्यांचे लग्न असते त्यांनी केवळ बोहल्यावर उभे राहावयाचे. ज्यांचा विवाह आहे त्या दोघांनीच तो योजावयाचे ठरविले तर काय घडते, याविषयी मी आज आपणांशी बोलणार आहे.

शेजारची खोली

आपल्याकडे सोयरीक जुळली की सुपारी फुटते आणि दोन्हीकडची जाणती मंडळी बैठकीवर बसून यादी करतात. देणेघेणे काय, मानपान कोणाचा, जेवणावळ कोणाकडे, हे सारे त्या कागदावर उतरते. काही भागांत ज्या दिवशी यादी, त्याच दिवशी अक्षता टाकून मोकळे होण्याची काटकसरीची रीतही आहे. तिला लोक 'यादी पे शादी' म्हणतात. रीत कोणतीही असो, त्या बैठकीत वधू बहुधा नसते आणि वर असला तरी तो सहसा बोलत नाही.

वीस वर्षांपूर्वी माझ्या विवाहाची यादी झाली, तेव्हा मी पदवीधर होतो आणि नोकरीतही लागलो होतो. यादी शेजारच्या खोलीत चालली होती आणि मी मित्रांसमवेत चहा घेत होतो. त्या कागदावर काय लिहिले गेले, हे मी विचारले नाही. वडीलधाऱ्यांच्या व्यवहारात तोंड न घालणे हीच सभ्यता, अशी माझी समजूत होती. पुढे सात वर्षांनी सासऱ्यांनी पतसंस्थेच्या कर्जाचा अखेरचा हप्ता भरला, तेव्हा पत्नीने ते मला बोलता बोलता सांगितले. ज्या जेवणावळीची वाहवा मी ऐकली होती, तिचे पैसे सात हंगामांच्या पिकातून वळते झाले होते. आपण हुंडा मागितला नाही, या समाधानात मी ती सात वर्षे काढली होती.

एक वही, दोन हस्ताक्षरे

अलीकडे आमच्या जिल्ह्यातील एका जोडप्याने निराळी वाट धरली. मुलगी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका, तर मुलगा एस. टी.च्या आगारात यांत्रिक. विवाहाला दोन्ही घरांची संमती होती. यादीच्या बैठकीपूर्वी त्यांनी आठ दिवसांची मुदत मागून घेतली, दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक खर्चापुढे तीन रकाने आखले. हा खर्च कोणासाठी? पैसे कोण देणार? त्यासाठी कर्ज काढावे लागेल काय?

पहिल्या दोन संध्याकाळी मंगल कार्यालय, डी. जे., फटाके आणि वरातीची सजवलेली मोटार यांवर दोघांनी एकमताने काट मारली. तिसऱ्या संध्याकाळी गाडी गावजेवणापाशी अडली. जेवण शंभर पानांवर आणण्याचे दोघांनी ठरविले होते. मुलीच्या वडिलांनी चष्मा लावून वही वाचली आणि ते म्हणाले, "पोरी, तीस वर्षं मी या गावाच्या पंगतीला जेवलो. आता माझ्या दारी कार्य निघालं आणि मी गावाला पान वाढायचं नाही? उद्या चावडीवरनं जाऊ कसा?" मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. दोन दिवस वही मिटलेलीच राहिली.

मित्रांनो, अशा वेळी वडिलांना जुन्या वळणाचे ठरवून मोकळे होणे सोपे असते. परंतु त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. पंगत हे गावाच्या देण्याघेण्याचे जुने खाते आहे. एकाच पिढीने ते एकतर्फी बंद करणे बरे नव्हे. तिसऱ्या दिवशी मुलीने वडिलांना विचारले, "अण्णा, तुम्हांला पंगत हवी, की कार्यालय आणि पंचपक्वान्नं हवीत?" अण्णांना पंगतच हवी होती! मग मारुतीच्या देवळापुढील पटांगणात मांडव पडला. भाऊबंदांनी चुली पेटविल्या, तरुण मंडळाच्या मुलांनी वाढप केले. वरणभात, वांगे-बटाट्याची भाजी आणि बुंदी यांवर सारे गाव तृप्त झाले. खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा उचलला. मानपानाचे आहेर रद्द झाले. मात्र मुलाच्या आत्याचे मानाचे लुगडे यादीत राहिले, कारण तिनेच त्याला आपल्या घरी ठेवून शिकविले होते. कर्ज कोणालाही काढावे लागले नाही.

पैसे वाचले, हा त्या वहीचा एक लाभ. दुसरा मला अधिक मोलाचा वाटतो. मुलीच्या घरी विहिरीचे जुने कर्ज आहे, हे मुलाला वही लिहितानाच कळले. मुलाच्या पगारातून धाकट्या भावाच्या शिक्षणाचा हप्ता जातो, हे मुलीला तेव्हाच समजले. ज्या गोष्टी पुष्कळ जोडप्यांना संसारात ठेचा खाऊन कळतात, त्या यांना अक्षता पडण्यापूर्वीच माहीत झाल्या.

कायद्याने दिलेली यादी

कायद्यानेही एक यादी वधूवरांच्याच हाती दिलेली आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. हुंडा प्रतिबंधक अधिनियम 1961 सालचा. त्याखालील नियम 2 ऑक्टोबर 1985 पासून अमलात आले. विवाहप्रसंगी वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने आणि वराला मिळालेल्या भेटींची यादी वराने ठेवावयाची असते. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहून तीवर दोघांनी सह्या करावयाच्या असतात. हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत. भेटीच्या नावाखाली मागणी करून घेतलेली वस्तू यादीत लिहिल्याने निर्दोष ठरत नाही.

नियोजनात आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. विवाह लागणे आणि विवाहाची नोंद होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्राच्या 1998 सालच्या अधिनियमानुसार, लागलेल्या विवाहाची नोंद तीन साक्षीदारांसह विवाह निबंधकाकडे नव्वद दिवसांच्या आत करावयाची असते. मात्र हिंदू विवाह अधिनियमाखाली रूढीप्रमाणे विधी झालाच नसेल, तर केवळ प्रमाणपत्राने विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली स्पष्ट केले आहे. ज्यांना धार्मिक विधी नको असेल, अथवा ज्यांचे धर्म भिन्न असतील, त्यांच्यासाठी 1954 सालचा विशेष विवाह अधिनियम आहे. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य हवे. मुलाचे वय 21 वर्षे व मुलीचे 18 वर्षे पूर्ण असावे. नोटिशीनंतर तीस दिवस थांबावे लागते आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत विवाह व्हावा लागतो. विवाह अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी परस्परांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार केल्याचे, त्यांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत, स्वमुखाने सांगावयाचे असते. ते मराठीत सांगता येते, हे मी मुद्दाम नमूद करतो.

जुनीच वाट

वधूवरांनी स्वतः बोलावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुरोहितावाचून पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुढे 1887 साली जोतीरावांची मंगलाष्टके प्रसिद्ध झाली. त्यांत वधू आणि वर परस्परांशी बोलतात, आणि वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी वराकडून वचन मागते. ज्या काळी मुलीचे बोलणे उंबऱ्याबाहेर ऐकू येत नसे, त्या काळी जोतीरावांनी तिला भर मांडवात बोलते केले!

आपण मात्र अजूनही तिला शेजारच्या खोलीत बसवितो, आणि मुलालाही. येत्या चार-पाच वर्षांत आपणांपैकी अनेकांच्या घरी सुपारी फुटेल. त्या दिवशी माझ्यासारखे चहा घेत बसू नका. वडीलधाऱ्यांना नमस्कार करा, त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्या. परंतु वही घेऊन, दोघेही, त्या बैठकीत जा.

जय हिंद! जय महाराष्ट्र!