ठराव करण्याचा हक्क आणि ठरावाचे वजन

(येडशी येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



येडशी हे गाव सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. कुर्डुवाडी–लातूर लोहमार्गावरचे स्थानक गावाला आहे. गावालगत रामलिंगाचे देवस्थान आहे आणि त्याभोवतीचे रान अभयारण्य म्हणून राखलेले आहे. महामार्गाचा कायदा, रेल्वेचा कायदा आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा हे तिन्ही दिल्लीत झाले. ते करताना कोणी ग्रामपंचायतीचे मत विचारले नाही, ह्याचे नवल वाटू नये. ते साऱ्या देशाचे विषय आहेत. परंतु सरपंच कोणी निवडावा, पंचायतीवर कोणी उभे राहावे, पंचायतीच्या ठरावाला कोणी स्थगिती द्यावी, हे ज्या कायद्याने ठरते तो कायदा मुंबईत होतो. तो बदलतानादेखील ग्रामपंचायतीला विचारण्याची प्रथा महाराष्ट्रात नाही. नगरपरिषदांची आणि महापालिकांची स्थिती ह्याहून वेगळी नाही. लोकशाहीच्या पायाभूत संस्थांना स्वतःच्याच घडणीविषयी बोलण्याचा अधिकार नसावा, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी गांभीर्याने घेतली पाहिजे.

सरपंचपदाचेच उदाहरण पाहावे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे सदस्य आपल्यातून सरपंच निवडीत असत. जुलै २०१७ मध्ये राज्य सरकारने सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा निर्णय घेतला. २०२० मध्ये नव्या सरकारने तो मोडण्याचे ठरविले. त्यासाठी काढावयाच्या अध्यादेशावर राज्यपालांनी सही केली नाही, तेव्हा अर्थसंकल्पी अधिवेशनात विधेयक आणून ते संमत करून घेण्यात आले. २०२२ मध्ये सरकार पुन्हा बदलले आणि थेट निवडणूक पुन्हा आली. पाच वर्षांत एका पदाची निवडपद्धती तीनदा फिरली. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांच्या ग्रामसभांपुढे विधेयकाचा मसुदा ठेवून त्यांचे म्हणणे ऐकण्याचे बंधन ह्या तिन्ही वेळी सरकारवर नव्हते.

नगराध्यक्षपदाची कथा ह्याहून जुनी आहे. १९७४ मध्ये नगराध्यक्ष थेट निवडले गेले. पुढे ती पद्धत गेली. २००१ मध्ये ती परत आली, २००६ मध्ये गेली, २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. २०२० मध्ये नगरविकास खाते एकनाथ शिंदे ह्यांच्याकडे होते आणि २०२२ मध्ये तेच मुख्यमंत्री होते. म्हणजे सुमारे अडीच वर्षांत एकाच नेत्याच्या हातून एक पद्धत मोडली गेली आणि तीच पुन्हा उभी राहिली. थेट निवडणूक चांगली की सदस्यांतून निवड चांगली, ह्यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. थेट निवडलेला अध्यक्ष घोडेबाजाराला दाद देत नाही, हे खरे; एकाच्या हाती सत्ता एकवटून सभागृह नामधारी होते, हेही खरे. परंतु ह्या वादाचा निर्णय नगरांच्या अनुभवावरून झालेला नाही. कोणत्या पद्धतीत कोणत्या पक्षाचे किती अध्यक्ष निवडून येतील, ह्या हिशेबावरून तो झाला.

२०२२ चा बदल झाला तेव्हा आणखी एक गोष्ट घडत होती. राज्यातील बहुतेक महापालिकांच्या आणि अनेक नगरपरिषदांच्या मुदती त्या सुमारास संपल्या होत्या आणि तेथे प्रशासक बसले होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यावर निवडणुकांना चालना मिळाली. नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये आणि महापालिकांच्या जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. मधल्या काळात ह्या शहरांच्या वतीने कोणत्याही विधेयकावर मत देऊ शकेल असे सभागृहच अस्तित्वात नव्हते. सभागृहाचे अधिकार प्रशासकाच्या हाती होते, आणि प्रशासक हा सरकारचाच अधिकारी. सरकारच्या विधेयकाला सरकारचा अधिकारी विरोध करील, ही अपेक्षा कोण ठेवील?

येथे राज्यघटनेचा आधार सांगितला जातो. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अंमलात आली. पंचायतींसाठी अकराव्या अनुसूचीत २९ विषय आणि नगरपालिकांसाठी बाराव्या अनुसूचीत १८ विषय नोंदले गेले. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमाती ह्यांना राखीव जागा मिळाल्या. ही मिळकत मोठी आहे आणि तिचे मोल कमी लेखता कामा नये. परंतु ते विषय प्रत्यक्षात सोपवायचे की नाही, हे राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर ठेवण्यात आले. विधेयकापूर्वी स्थानिक संस्थांचे मत घ्यावे, असे कलम घटनेत नाही. ह्याउलट अनुच्छेद ३ पाहावा. एखाद्या राज्याच्या सीमा बदलणारे विधेयक संसदेत येण्यापूर्वी राष्ट्रपतींनी ते त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठविले पाहिजे. ते मत संसदेवर बंधनकारक नसते, पण विचारावे लागते. केंद्राने राज्याला विचारावे हे मान्य असेल, तर राज्याने गावाला आणि नगराला का विचारू नये? डॉ. राममनोहर लोहिया ह्यांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवर उभ्या राहणाऱ्या राज्याची कल्पना मांडली होती. त्यांतले दोन खांब बोलके आणि दोन मुके ठेवले, तर त्या इमारतीला चौखंभा म्हणता येणार नाही.

विधेयकावर नगराने मत द्यावे ही कल्पना परकी नाही. मुंबईत ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८८७ मध्ये सरकारने मुंबई महापालिकेसाठी नव्या कायद्याचे विधेयक आणले. त्यातल्या तरतुदी नगराच्या स्वायत्ततेला मारक आहेत, असे महापालिकेतील जाणत्या मंडळींना वाटले. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघे त्या वेळी मुंबईच्या विधिमंडळात होते. बाहेर टीका झाली, आत दुरुस्त्या मागितल्या गेल्या, विधेयकाची छाननी झाली, आणि १८८८ चा जो कायदा झाला तो मूळ मसुद्याहून पुष्कळ बरा होता. तोच कायदा अनेक दुरुस्त्यांसह मुंबईत अजून चालू आहे. परकीय सरकारलाही जे ऐकावे लागले, ते स्वकीय सरकारांनी ऐकू नये, ह्याला काय म्हणावे? अर्थात त्या महापालिकेची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती करदात्यांची संस्था होती. गिरणीत राबणाऱ्या कामगाराला तिच्यासाठी मत नव्हते. मुंबईत प्रौढ मतदानाने महापालिकेची निवडणूक १९४८ मध्ये झाली. नगराचे मत म्हणजे नगरातील कोणाचे मत, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर महाडने दिलेले आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले ह्यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला आणि तो संमत झाला: सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये अस्पृश्यांना खुली असावीत. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तळ्यावर पाणी भरायला कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात प्राण आला. लगोलग ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

महाडपासून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. लोक पाठीशी नसतील तर चांगला ठरावही दप्तरात पडून राहतो, ही पहिली. दुसरी अधिक कडू आहे. स्थानिक संस्था जनतेच्या जवळ असते, तशीच ती गावातील बलवत्तरांच्याही जवळ असते. विधिमंडळाने पुढे टाकलेले पाऊल नगरपालिकेने मागे ओढले. म्हणून स्थानिक मत म्हणजे पवित्र मत, असा भाबडा समज समाजवादी कार्यकर्त्याने बाळगू नये. दुर्बलांच्या हक्कांना स्थानिक बहुमत पायदळी तुडवील तर ते रोखण्याचा अधिकार राज्याकडे असलाच पाहिजे. परंतु अन्याय रोखण्याचा अधिकार ही एक गोष्ट आहे आणि तोंड बंद करण्याचा अधिकार ही दुसरी. आपल्याकडील कायद्यांनी ह्या दोहोंत फरक ठेवलेला नाही.

तो फरक नसल्याचा परिणाम बेळगावने भोगला. महाराष्ट्राने सीमाप्रश्नावर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. ऑक्टोबर २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने मराठी भाषक सीमाभाग महाराष्ट्रात यावा, असा ठराव केला. सीमा बदलणे महापालिकेच्या हाती नव्हते. ते संसदेच्या कायद्याचे काम. महापालिकेने फक्त आपले मत नोंदविले होते. नोव्हेंबरात महापौर विजय मोरे ह्यांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासण्यात आले आणि त्याच महिन्यात कर्नाटक सरकारने महापालिका बरखास्त केली. महाराष्ट्रात ह्याचा संताप उसळला आणि तो योग्यच होता. परंतु संतापणाऱ्यांपैकी किती जणांनी महाराष्ट्राचे कायदे उघडून पाहिले? महापालिकेचा ठराव निलंबित करण्याचा आणि महापालिका विसर्जित करण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारकडेही आहे. नगरपरिषदेच्या ठरावाला जिल्हाधिकारी स्थगिती देऊ शकतो. बेळगाववर जी कुऱ्हाड चालली तसलीच कुऱ्हाड मुंबईतही भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. बेळगावच्या मराठी माणसाचा बोलण्याचा हक्क ज्याला प्रिय आहे, त्याने तोच हक्क धाराशिवच्या नगरपरिषदेला आणि येडशीच्या ग्रामपंचायतीला मिळावा म्हणून झगडले पाहिजे. नाहीतर ते प्रेम हक्कावरचे नसून केवळ भाषेवरचे ठरेल.

दुसऱ्या देशांनी ह्यावर तोडगा शोधलेला आहे. युरोप परिषदेने १९८५ मध्ये स्थानिक स्वराज्याची सनद तयार केली. स्थानिक संस्थांशी थेट संबंध असलेल्या बाबींत नियोजन व निर्णय चालू असतानाच, वेळेवर आणि योग्य रीतीने त्यांचा विचार घ्यावा, असे तिच्या चौथ्या कलमात म्हटले आहे. त्यात ‘वेळेवर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. निर्णय झाल्यावर मत मागणे म्हणजे जेवणे आटोपल्यावर पंगतीला बोलावणे होय.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. पंचायती आणि नगरपालिका ह्यांच्या रचनेत, निवडणुकीत वा उत्पन्नात बदल करणारे प्रत्येक विधेयक मराठीत, सोप्या टिपणासह, सर्व ग्रामसभांकडे आणि सभागृहांकडे किमान दोन महिने आधी गेले पाहिजे. असे बदल अध्यादेशाने होता कामा नयेत. आलेली मते संकलित करून विधिमंडळापुढे ठेवावीत आणि न स्वीकारलेल्या सूचनांची कारणे मंत्र्याने सभागृहात द्यावीत. ठरावाला स्थगिती देण्याचा अधिकार पैसा, मालमत्ता आणि नागरिकांचे हक्क ह्यांविषयीच्या बेकायदा ठरावांपुरता ठेवावा. केवळ मत व्यक्त करणाऱ्या ठरावाला तो लागू नसावा. प्रशासकाच्या काळात अशी विधेयके आणण्यास बंदी असावी.

ह्या मागण्या मान्य होईपर्यंत स्वस्थ बसायचे कारण नाही. विधेयक संयुक्त चिकित्सा समितीकडे जाते आणि सूचना मागविल्या जातात, तेव्हा ठराव पाठविण्यास कोणाचा मज्जाव नाही. पण तो ठराव कसा झालेला असतो? ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० ह्यांपैकी कमी असेल इतकी उपस्थिती लागते. तेवढी माणसे जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने दहा-वीस जणांच्या सह्यांवर ठराव होतात. अशा ठरावाला मंत्रालयात कोण विचारणार? ग्रामसेवकाने वाचून दाखवायचे आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, ही ग्रामसभा नव्हे. कार्यकर्त्याने विधेयकाचा मसुदा मिळवावा, त्यातली कलमे समजून घ्यावीत, वाडी-वस्तीवर, दलित वस्तीत आणि रोजगार हमीच्या कामावर जाऊन ती सांगावीत. ग्रामसभेपूर्वीची महिला सभा नावापुरती होऊ देऊ नये. ठरावात नुसता ‘विरोध’ किंवा ‘पाठिंबा’ लिहून भागत नाही. कोणते कलम, त्याने कोणाचे काय नुकसान होते आणि त्याऐवजी काय हवे, हे तीन मुद्दे त्यात आले पाहिजेत. एका गावाचा असा ठराव कपाटात जाईल. तालुक्यातील पन्नास गावांचे ठराव एकाच महिन्यात निघाले, तर आमदाराला त्यांची दखल घ्यावीच लागेल. त्याची मते त्याच गावांत आहेत.

मराठवाड्याने फर्मानाचे राज्य पाहिलेले आहे. निजामाच्या राजवटीत कायदा वरून येई आणि रयतेने तो ऐकून घ्यायचा असे. ते राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपले. त्यानंतर कायदा करणारे लोकांनी निवडलेले असतात, हा फरक लहान नाही. पण पाच वर्षांतून एकदा मत घेऊन मधल्या काळात विचारायचेच नाही, अशी रीत रुळली, तर रयतेच्या ऐकून घेण्यात फारसा फरक पडत नाही. तो फरक पाडण्याचे काम ग्रामसभेत सुरू होते, आणि पुढच्या ग्रामसभेची तारीख प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लागते. ती पाहून कामाला लागावे.